घानातलं चर्च नक्की कोणी उभं केलं? (बासेल मिशन, जमैकन कुटुंबं आणि अक्रोपॉन्ग)

तेमाकर

घानाच्या २०२१ च्या जनगणनेत ७१.३ टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती लिहिलाय. मुसलमान जवळपास २० टक्के, पूर्वापार चालत आलेला धर्म सांगणारे ३ टक्क्यांच्या जरा वर. आता याच्यासमोर दुसरी गोष्ट ठेवून बघा. बासेल मिशनचे लोक इथे आले त्यानंतर पहिल्या बारा वर्षांत त्यांच्या हाती एकही बाप्तिस्मा लागला नव्हता. मग मधे घडलं काय? मी तेमाला (अक्राच्या शेजारचं बंदर) नोकरीला आहे, सोबतचे लोक रविवारी चर्चला जातात आणि सोमवारी डब्यावर त्याच्याच गप्पा चालतात, त्यामुळे विषय रोज कानावर पडतो. गेली काही वर्षं जमेल तसं वाचतोय, अक्रोपॉन्गला जाऊनही आलोय. मोठं होणार आहे, सवडीने वाचा.

बासेल हे स्वित्झर्लंडमधलं शहर, तिथे १८१५ साली हे मिशन सुरू झालं. माणसं बरीचशी दक्षिण जर्मनीतल्या खेड्यांमधली, शेतकऱ्यांची कारागिरांची मुलं. डिसेंबर १८२८ मध्ये चार जण ओसूला उतरले, म्हणजे आजच्या अक्रातच, तेव्हा या किनाऱ्याला गोल्ड कोस्ट म्हणायचे आणि ओसूला डेन्मार्कचा क्रिश्चियन्सबोर्ग किल्ला होता. पुढच्या ऑगस्टपर्यंत चारातले तिघे गेले, चौथा १८३१ ला. १८३२ ला आणखी तिघे आले, त्यात एक डॉक्टर होता, आणि तो डॉक्टरच सगळ्यात आधी, काही आठवड्यांत गेला. १८३७ ला दोघे आले, तेही टिकले नाहीत. नऊपैकी आठ गेले, बहुतेक तापाने. उरला एकटा आंद्रेआस रीस, डेन्मार्कचा, आणि तोसुद्धा मरणाच्या दारातून परत आला तो इथल्याच एका वैद्याच्या झाडपाल्याच्या औषधामुळे.

हा रीस १८३५ ला किनारा सोडून वर अकुआपेमच्या डोंगरावर अक्रोपॉन्गला गेला. तिथली हवा खरंच वेगळी आहे, अक्राच्या दमट उकाड्यातून वर गेलं की अंगाला जाणवतं. तिथला राजा नाना अद्दो दांक्वा याने त्याला जागा दिली, राहू दिलं, रीसने स्वतः घर बांधलं म्हणून लोकांनी त्याचं नावच घर बांधणारा असं पाडलं. पण ख्रिस्ती कोणी होईना. १८४० ला तो परत निघाला तेव्हा राजा त्याला काय म्हणाला ते इथे आजही सांगतात. आशय असा, की देवाने पुस्तक गोऱ्यांसाठी केलं आणि आमचे देव आमच्यासाठी, पण हे पुस्तक वाचणारा एखादा काळा माणूस तुम्ही दाखवलात तर आम्ही तुमच्या मागे येऊ.

राजाचं हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. त्याने पाहुण्याचा अपमान केला नाही, त्याच्याकडे साधा पुरावा मागितला. आणि मिशनला तो पुरावा आणायला अटलांटिक ओलांडून जावं लागलं.

बासेलमध्ये हे काम बंदच करावं का अशी चर्चा चालू होती, शेवटी ठरलं की वेस्ट इंडिजमधून काळी ख्रिस्ती कुटुंबं न्यायची. जमैकात १८३८ ला गुलामी पूर्ण संपली होती, तिथल्या मोरावियन पंथाच्या मंडळ्यांमध्ये (मंडळी म्हणजे एका चर्चचे लोक) नुकतीच मोकळी झालेली माणसं होती. रीस आणि त्याचे सहकारी तिकडे गेले, माणसं निवडली, करार झाला. घर मिळेल, जमीन मिळेल, पाच वर्षांनी परत जायचं असेल तर खर्च मिशन करेल. जमैका आणि अँटिग्वाची मिळून पंचवीसेक माणसं, बायकामुलांसकट, एप्रिल १८४३ मध्ये ओसूला उतरली आणि तिथून अक्रोपॉन्गला गेली. क्लार्क, हॉल, मिलर, मलिंग्ज, रॉचेस्टर, वॉकर, ग्रीन ही त्यांची आडनावं. ज्यांच्या आजोबापणजोबांना याच किनाऱ्यांवरून साखळ्या घालून नेलं होतं ती माणसं स्वतःच्या पायांनी परत आली होती, आणि पुस्तक वाचत होती!

त्यांनी सोबत रोपं आणली होती, आंबा, अव्हाकाडो, कोकोयाम. कोकोयाम म्हणजे अळूच्या कुळातलाच कंद, त्याच्या पानांची भाजी इथे घरोघरी होते. आंबा मुळात आपल्याकडचा, तो वेस्ट इंडिजला पोचला आणि तिथून या कुटुंबांबरोबर अक्रोपॉन्गच्या डोंगरावर आला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. घरं वेळेवर तयार नव्हती, खायचे हाल, रीसचा स्वभाव कडक, त्याच्याविरुद्ध तक्रारी झाल्या आणि १८४५ ला तो गोल्ड कोस्ट कायमचा सोडून गेला. काही कुटुंबं मुदत संपल्यावर परत गेली. पण जी राहिली त्यांची मुलं अक्रोपॉन्गच्या मुलांबरोबर एकाच शाळेत बसली, ट्वी भाषा बोलत मोठी झाली. १८४८ ला तिथे शिक्षक आणि उपदेशक तयार करायचं कॉलेज निघालं, ते आजही चालू आहे. पुढे पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१७ ला, इंग्रजांनी बासेलच्या सगळ्या मिशनऱ्यांना जर्मन म्हणून हाकललं. नव्वद वर्षं ज्यांनी कारभार चालवला ते एका फटक्यात नाहीसे झाले, आणि चर्च कोसळलं नाही. १९१८ ला इथल्या लोकांनी स्वतःची सिनड (चर्चचा कारभार बघणारी सभा) बसवली, तेच आजचं प्रेस्बिटेरियन चर्च. तिचा पहिला मॉडरेटर, म्हणजे प्रमुख, पीटर हॉल आणि पहिला चिटणीस निकोलस टिमोथी क्लार्क, दोघेही त्या जमैकन कुटुंबांमधले मुलगे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की इथलं चर्च उभं केलं ते या कुटुंबांनी आणि त्यांच्यासोबत शिकलेल्या अकुआपेमच्या मुलांनी. किनाऱ्यावर पुरलेल्या त्या आठ तरुणांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण मंडळी रुजली ती दुसऱ्यांच्या हातांनी आणि त्यांची नावं आपल्याकडे कोणाला माहीत नसतात. कोणाला यातलं माहीत असेल तर भर घाला.

वाचनवेडा

छान लिहिलंय. पीटर हॉल आणि क्लार्क यांचं वाचून अंगावर काटा आला. ट्वी भाषेतल्या बायबलबद्दलही लिहा ना, ते कोणी केलं?

माडाची_वाडी

तेमाकर, बासेल मिशन म्हटल्यावर मला राहवलं नाही. आमच्या सिंधुदुर्गातल्या जुन्या घराची जी मंगळुरी कौलं होती त्यांच्यावर बासेल मिशनचंच नाव उठवलेलं होतं, लहानपणी पावसाळ्याआधी कौलं परतताना ते वाचायचो आणि वाटायचं हा कोणीतरी कौलांचा व्यापारी असणार. हे तेच मिशन. १८३४ ला मंगळूरला आलं, मग धारवाड, हुबळी. कौलांचा कारखाना १८६५ ला जेप्पूला प्लेब्स्ट नावाच्या मिशनऱ्याने काढला आणि पुढे सगळ्या कोकणपट्टीवर, गोव्यात, ती कौलं चढली.

त्यामागचं कारण मात्र दुःखाचं होतं. जो माणूस ख्रिस्ती व्हायचा त्याला जात वाळीत टाकायची, जमीन जायची, पिढीजात धंदा जायचा. मग त्याने खायचं काय? म्हणून मिशनने विणकामाचे माग घातले, कौलांचे कारखाने घातले. घानातही असं काही केलं का त्यांनी?

तेमाकर

@माडाची_वाडी, केलं. आणि दोन्हीकडचा व्यवहार बघणारी कंपनीसुद्धा एकच होती, बासेल मिशन ट्रेडिंग कंपनी, १८५९ ला निघालेली. इथे कौलांऐवजी सुतारकाम, लोहारकाम, गाड्यांची चाकं करायच्या शाळा होत्या. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी ती मालमत्ता कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे दिली, तुमच्याकडचे कारखाने आणि इथली दुकानं दोन्ही. हिंदुस्थानातही मिशनच्या जर्मन माणसांना युद्धात पकडून ठेवलं होतंच.

@वाचनवेडा, ट्वी बायबल पूर्ण झालं १८७१ ला. नाव लागतं योहान ख्रिस्तालर याचं, तो १८५३ ला आला. व्याकरण १८७५, ट्वी म्हणींचा ३६०० म्हणींचा संग्रह १८७९, शब्दकोश १८८१. माणूस भाषेने वेडा झालेला होता आणि या कामाला तोड नाही. पण त्याच्या शेजारी बसून हे म्हणणं कसं मांडायचं ते सांगणारे अक्रोपॉन्गचेच होते, डेव्हिड आसांतेसारखे. आसांते राजघराण्याच्या नात्यातला, बासेलला जाऊन शिकला, १८६४ ला त्याला पाळक (चर्चचा धर्मगुरू) म्हणून दीक्षा मिळाली आणि नंतर तो आतल्या भागात पायी हिंडून मंडळ्या उभ्या करत राहिला. किनाऱ्यावरच्या गा भाषेतलं बायबल योहान झिमरमानने १८६६ ला पूर्ण केलं. त्याच्या घरची गोष्ट वेगळीच आहे, ती नंतर सांगतो.

प्रश्नचिन्ह

लेख आवडला पण एक बाजू सुटतेय असं वाटलं म्हणून लिहितो, राग मानू नका. याच किनाऱ्यावर एल्मिना आणि केप कोस्टचे किल्ले आहेत. केप कोस्टच्या किल्ल्यात पुरुष गुलामांना कोंडायच्या तळघराच्या वरच प्रार्थनेची जागा होती, पर्यटकांना गाइड तेच आधी दाखवतात. खाली माणसं गुदमरतायत आणि वर उपासना चाललीय. मग जमैकन कुटुंबांची गोष्ट कितीही सुंदर असली तरी ज्या धर्माने हे चालू दिलं तोच धर्म मुक्ती घेऊन आला असं म्हणायचं का? आणि दुसरं, इथल्या लोकांचे देव होते, सण होते, त्यांचं काय झालं? ते वाईट होते म्हणून सोडा असंच सांगितलं ना शेवटी?

तेमाकर

राग कसला, प्रश्न बरोबर आहे आणि मी तो टाळणार नाही.

किल्ल्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि त्याहून बोचणाऱ्या गोष्टी आहेत. याकोबुस कापिताइन म्हणून एक मुलगा, स्वतः गुलाम म्हणून विकला गेलेला, त्याला हॉलंडला नेऊन शिकवलं, लायडन विद्यापीठात १७४२ ला त्याने प्रबंध मांडला की गुलामी ख्रिस्ती धर्माच्या विरुद्ध नाही. मग तो एल्मिनाच्या किल्ल्यात पाळक म्हणून आला आणि तिशीतच वारला. त्याच्यानंतर केप कोस्टचा फिलिप क्वाक्वे, फान्टी मुलगा, इंग्लंडला शिकून १७६५ ला अँग्लिकन पाळक झाला आणि १८१६ ला मरेपर्यंत किल्ल्यातच राहिला. पन्नास वर्षं. त्याच्या पायाखाली तळघरं भरत होती आणि रिकामी होत होती. त्याने काय सोसलं असेल याची कल्पना करवत नाही. किल्ल्यातलं हे चर्च किल्ल्याच्या भिंतीबाहेर फारसं गेलंच नाही, आणि ते जायलाही नको होतं असं मला वाटतं.

बासेलवाल्यांनी १८६० च्या आसपास मंडळीतल्या लोकांनी घरातले गुलाम सोडलेच पाहिजेत असा नियम केला, त्यावरून इथल्या ख्रिस्ती कुटुंबांतच भांडणं झाली, कारण ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्याकडे गुलाम होते. म्हणजे हा प्रश्न फक्त गोरे विरुद्ध काळे असा नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त कठीण आहे. ख्रिस्ती झालेल्यांची वस्ती वेगळी असायची, तिला सालेम म्हणतात. ओसूला आहे, अक्रोपॉन्गला आहे, अबुरीला आहे, आजही रस्त्याच्या कडेला दगडी भिंतींची जुनी घरं दिसतात. सालेममध्ये राहायचं तर मंडळीचे नियम पाळायचे, दारू नको, दुसरी बायको नको, सणातली ढोलनाच नको. राजाच्या अधिकारातून माणूस अर्धा बाहेर पडायचा. यात काही लोकांना, मुख्यतः सावकाराकडे गहाण पडलेल्यांना आणि गुलामांना, आसरा मिळाला. पण एका गावाची दोन गावं झाली. माझ्या मते सालेम हा मिशनचा सगळ्यात मोठा दोष होता, शेजाऱ्यापासून तोडून माणूस घडवायची ती कल्पना चुकीचीच होती. अक्रोपॉन्गचा ओद्विरा सण मात्र संपला नाही, आजही होतो आणि त्यात ख्रिस्ती लोक भरपूर असतात. सरदार चर्चला जातात आणि पूर्वजांना दारूचं अर्घ्यही देतात, त्यावर पाळक कुरकुरतात, हे इथे चालूच असतं.

काळी_माती

शेतीवाला माणूस आहे म्हणून विचारतो, घाना म्हटलं की कोको. तोही मिशननेच आणला का?

तेमाकर

मिशनने १८५७-५८ च्या सुमाराला सुरिनामहून बी आणून अक्रोपॉन्गला लावून बघितलं होतं, ते नीट टिकलं नाही. ज्याचं टिकलं तो टेटे क्वार्शी, क्रिश्चियन्सबोर्गला मिशनच्या कारखान्यात लोहारकाम शिकलेला. तो फर्नांडो पो बेटावर कामाला गेला आणि १८७९ ला येताना कोकोच्या शेंगा घेऊन आला, मांपॉन्गला (अक्रोपॉन्गच्या शेजारी) लावल्या. तिथून शेजाऱ्यांनी बी नेलं. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट कोको पिकवण्यात जगात पहिल्या नंबरवर होता, आणि हे मळेवाल्यांनी केलं नाही, छोट्या शेतकऱ्यांनी केलं, तेही गट करून पुढच्या जंगलातली जमीन विकत घेऊन. शेतकरी जिथे सरकत गेला तिथे त्याने झाडाखाली प्रार्थना सुरू केली, मग शाळामास्तर मागवला, मग चर्च. नव्या मंडळ्या कशा वाढल्या याचं अर्धं उत्तर कोकोच्या वाटेवर सापडतं, मिशनरी बऱ्याचदा मागून पोचलेत.

सांजवात

मी नगरची, ख्रिस्ती घरातली. हा धागा वाचताना सारखी रेव्हरंड टिळकांची आठवण येतेय. १८९५ ला बाप्तिस्मा घेतला पण कीर्तन सोडलं नाही, अभंग सोडला नाही, आणि १९१७ ला मिशनचं काम सोडून देवाचा दरबार काढला, जात आणि पंथ बघायचा नाही म्हणून. आमच्या चर्चमध्ये त्यांची भजनं टाळ मृदंगावर होतात तेव्हा जे मनात भरून येतं ते ऑर्गनवरच्या भाषांतरित गाण्यांनी कधीच येत नाही. घानात असं कोणी झालं का? की सगळं बासेलच्या चालीतच?

तेमाकर

सांजवातताई, झालं ना, आणि तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं कारण या माणसाबद्दल लिहायचंच होतं. एफ्राइम आमू. जन्म १८९९, पेकीचा, म्हणजे एवे भाषेचा मुलूख, तिथे ब्रेमेन मिशनचं काम होतं. १९२६ पासून अक्रोपॉन्गच्या त्याच कॉलेजात संगीत शिकवायचा. त्याच्या लक्षात आलं की उपासनेत आपण जर्मन चाली म्हणतोय आणि ट्वीमध्ये तर शब्दाचा स्वर वर गेला की अर्थ बदलतो, चालीने स्वर चुकला की म्हणणाऱ्याचं म्हणणंच बिघडतं. मग तो गावागावांतल्या गवयांकडे, ढोलवाल्यांकडे जाऊन बसला, त्यांच्याकडून शिकला आणि त्या लयीत भजनं रचायला लागला. बांबूची बासरी, ढोल, हे सगळं त्याने कॉलेजात आणलं. आणि एक दिवस कोट न घालता आपलं इथलं कापड खांद्यावरून पांघरून उपदेशाला उभा राहिला.

चर्चच्या वरिष्ठांना ते चाललं नाही. तोपर्यंत गोरे बासेलवाले गेलेले होते, चर्च इथल्याच लोकांच्या हातात होतं (स्कॉटिश मिशनची मदत होती, पण निर्णय घेणाऱ्यांत घानाचे होते), आणि तरी १९३३ ला आमूला कॉलेजातून काढलं. कारभार आपल्या माणसांच्या हातात आला म्हणून मन लगेच मोकळं होत नाही, त्याला आणखी एक पिढी लागली. तो मग अक्राजवळच्या अचिमोटा कॉलेजात शिकवायला गेला. आज त्याने रचलेलं देशावरचं गाणं प्रत्येक सरकारी कार्यक्रमात म्हणतात, शाळेतल्या पोरांना पाठ असतं, नोटेवर त्याचा चेहरा छापला गेला, आणि ज्या चर्चने काढलं त्याच चर्चमध्ये त्याची भजनं रविवारी होतात. ढोलावर. १९९५ ला वारला, म्हणजे यातलं बरंचसं त्याला बघायला मिळालं, नोट मात्र नंतरची.

टेम्सकाठी

मी लंडनला नर्स आहे, माझ्या वॉर्डात घानाच्या दोघी आहेत. त्यांचं चर्च एका जुन्या गोदामात भरतं, एकदा मला घेऊन गेल्या होत्या, चार तास चाललं आणि कोणी घड्याळाकडे बघत नव्हतं. त्या प्रेस्बिटेरियन नाहीत, चर्च ऑफ पेन्टेकोस्टच्या आहेत. हे कसं सुरू झालं? आणि एवढी नवी नवी चर्च उभी कशी करतात हे लोक, पैसा कोण देतं? रविवारी तिथे पुढे उभं राहून सगळं सांभाळणारा माणूस आठवडाभर बस चालवतो असं कळलं.

तेमाकर

हो, तो एल्डर असणार. आजच्या घानात सगळ्यात मोठा गट पेन्टेकोस्टल आणि करिझमॅटिक चर्चचा (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर आणि प्रार्थनेने बरं होण्यावर भर देणारी) आहे, २०२१ ला ३१.६ टक्के. जुनी प्रोटेस्टंट चर्च १७.४, कॅथलिक १०.

सुरुवात पीटर अनिम या घानाच्या माणसापासून. तो आधी बासेलच्याच मंडळीतला, १९२१ च्या सुमाराला आजारातून प्रार्थनेने बरा झाला अशी त्याची खात्री झाली आणि त्याने आसामांकेसेला स्वतःची मंडळी जमवली. १९३७ ला त्यांच्या मदतीला जेम्स मॅककिओन हा आयरिश मिशनरी आला. मग वाद पडला औषधावरून. अनिमचे लोक कुठलंच औषध घ्यायचे नाहीत, मॅककिओनला मलेरिया झाला आणि तो दवाखान्यात गेला. १९३९ ला दोघं वेगळे झाले. मॅककिओनकडे पैसा नव्हता, दुसरे गोरे सहकारी जवळजवळ नव्हते, म्हणून त्याला सगळं काम इथल्या माणसांवरच सोपवावं लागलं, आणि त्याचं मतही तेच होतं की इथलं झाड इथल्या मातीतलंच हवं. त्याचंच चर्च १९६२ पासून चर्च ऑफ पेन्टेकोस्ट म्हणून ओळखलं जातं, १९८२ ला तो निवृत्त झाल्यावर घानाचाच माणूस प्रमुख झाला.

नवी मंडळी उभी कशी राहते ते माझ्या सहकाऱ्यांकडून ऐकलेलं आणि बघितलेलं सांगतो. कोणीतरी कामानिमित्त नव्या गावात जातो, मास्तर, ड्रायव्हर, कपडे शिवणारी बाई, कोणीही. घरात दोनचार जण जमवून प्रार्थना सुरू. मग शाळेचा वर्ग भाड्याने, मग पत्र्याचं छप्पर. रोजचं काम एल्डर, डीकन आणि डीकनेस बघतात, सगळे बिनपगारी, आपापली नोकरी करून. पगारी पाळक एका वेळी अशा बऱ्याच मंडळ्या सांभाळतो आणि त्याची काही वर्षांनी बदली होते, त्यामुळे चर्च एका माणसाच्या मालकीचं होत नाही. दशांश (कमाईचा दहावा भाग) वर मुख्य कचेरीत जातो आणि तिथून वाटप होतं, म्हणून गरीब गावातही पाळक मिळतो. परदेशी पैशावर हे चालत नाही. तुमच्या लंडनच्या गोदामातही हेच झालं असेल, नर्स आणि बसड्रायव्हर आधी पोचले.

थोडं विषयांतर, पण असंच आणखी एक उदाहरण शेजारच्या आयव्हरी कोस्टचं आहे. लायबेरियाचा विल्यम वाडे हॅरिस, १९१३ ला पांढरा झगा, बांबूचा क्रूस, पाण्याचा तुंबा आणि बायबल घेऊन अनवाणी किनाऱ्याने निघाला, घानाच्या आक्सिमपर्यंत आला. वर्षदीड वर्षात लाखावर लोकांना बाप्तिस्मा दिला असं मानतात. फ्रेंचांना भीती वाटली, त्यांनी त्याला हाकललं. तो सांगून गेला होता की पुस्तक शिकवणारे येतील, वाट बघा. १९२४ ला मेथडिस्ट मिशनरी तिथे पोचला तर गावोगाव लोक चर्च बांधून वाट बघत बसलेले. दहा वर्षं, कुठल्याही मिशनच्या मदतीशिवाय.

प्रश्नचिन्ह

हॅरिसचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण औषध न घेणं हे वाचून विचारावंसं वाटतं, तिथले प्रेयर कॅम्प (प्रार्थनेने आजार बरे करायची ठिकाणं)? मानसिक आजारी लोकांना साखळ्यांनी बांधून ठेवतात असं वाचलंय. आणि लाउडस्पीकरचा त्रास आपल्याकडे आहे तसा तिकडेही असणार.

तेमाकर

खरं आहे. २०१२ ला ह्यूमन राइट्स वॉचने त्यावर अहवाल काढला, झाडाला साखळीने बांधलेली, उपाशी ठेवलेली माणसं. त्याच वर्षी इथे मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. पण दवाखाने मोजके आणि तेही दक्षिणेतल्या मोठ्या शहरांजवळ, घरचे लोक नाइलाजाने कॅम्पवर नेतात. जुन्या मिशनने आगोगोला १९३१ ला दवाखाना काढला, अक्रोपॉन्गला अंधशाळा निघाली, ती परंपरा याच देशात असताना हे साखळ्यांचं प्रकरण चालतं याची मला चीड येते. प्रार्थना करा, पण माणसाला बांधू नका. इथले कितीतरी पाळकही आता हेच बोलतात.

लाउडस्पीकरवरून तर मारामाऱ्या झाल्यात. अक्रा ही गा लोकांची भूमी, त्यांच्या होमोवो सणाआधी महिनाभर ढोल आणि गोंगाट बंद असतो, धान्य पेरलंय ते शांततेत वाढू द्यायचं म्हणून. १९९८ पासून दोनतीन वर्षं करिझमॅटिक चर्चनी ते मानलं नाही, गा तरुणांनी चर्चवर चाल करून वाद्यं फोडली, लोक जखमी झाले. नंतर सरकार, गा सरदार आणि चर्च यांनी बसून मार्ग काढला, त्या महिन्यात आवाज खाली ठेवतात. आमच्या इथे तेमालाही तो महिना पाळतात, आणि मला तो आवडतो.

माडाची_वाडी

झिमरमानच्या घरची गोष्ट राहिली बघा.

सांजवात

हो, आणि बायकांबद्दलही. सगळी नावं पुरुषांचीच आली.

तेमाकर

दोन्हीचं उत्तर एकच आहे, कॅथरीन मलग्रेव्ह.

तिचा जन्म अंगोलाचा, १८२७ च्या आसपास. लहानपणी पकडून गुलाम नेणाऱ्या पोर्तुगीज जहाजात घातलं, ते जहाज १८३३ ला जमैकाच्या किनाऱ्यावर फुटलं. तिथल्या गव्हर्नरच्या घराने तिला सांभाळलं, आडनाव त्याचंच, आणि किंग्स्टनला ती शिक्षिका व्हायला शिकली. १८४३ च्या त्या जहाजावर ती होती, नवऱ्याबरोबर, जॉर्ज थॉम्पसन नाव, लायबेरियात जन्मलेला आणि बासेलला शिकलेला. ओसूला उतरल्याबरोबर तिने मुलींची शाळा सुरू केली. नवऱ्याच्या वागण्यामुळे लग्न मोडलं, दोन मुलं पदरात. १८५१ ला झिमरमानने तिच्याशी लग्न केलं, मिशनची परवानगी न घेता, काळ्या आणि घटस्फोट झालेल्या बाईशी. बासेलमध्ये खळबळ झाली. त्याला काढलं नाही कारण भाषेच्या कामात त्याच्याशिवाय चालणार नव्हतं, पण बायकोमुलांना घेऊन युरोपात यायचं नाही अशी अट घातली. त्याने सरळ सांगितलं की मी आता इथलाच.

१८५४ ला करावरून दंगा झाला आणि इंग्रजांनी ओसूवर तोफा डागल्या, तेव्हा हे कुटुंब मंडळीतल्या लोकांबरोबर आत अबोकोबीला गेलं. तिथेही तिने शाळा काढली. शिवण, वाचन, लिहिणं, हिशोब. आईकडून लेकीकडे अक्षर जायला लागलं ते तिथून. झिमरमान १८७६ ला वारला, ती १८९१ पर्यंत होती, ओसूलाच.

आज प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये बायका पाळक होतात. चर्च ऑफ पेन्टेकोस्टमध्ये डीकनेसच्या पुढे जाता येत नाही, त्यावर तिथल्या बायकांमध्ये बोलणं चालू असतं, माझ्या ऑफिसातली एक सहकारी या विषयावर तासभर थांबत नाही. आणि सांजवातताई, अक्रोपॉन्गमधल्या मुलींच्या शाळेचं श्रेय रोझिना विडमानचं, १८४७ ला आली, तिच्याबद्दल सवडीने स्वतंत्र धाग्यात लिहितो.